सागवानी टेबल: वर स्टेन डागाळतोय, पायांचा पांढरा रंग पिवळा पडतोय

माहीमकर_७:
जुनं सागवानी टेबल, 4 बाय अडीच फूट. 80 आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. वर वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा अक्रोडी रंग), पायांना पाण्यातला पांढरा अ‍ॅक्रिलिक इनॅमल. वर मध्येमध्ये स्टेन चढलाच नाही, फिकट ठिपके राहिलेत. पायांवर दुसऱ्या हातानंतर तपकिरी-पिवळे डाग फुटले, तिसऱ्या हातानंतरही तेच. पॉलिशवाला म्हणतो, सगळं खरवडून मेलामाइन (थिनरमधलं कडक पॉलिश) मारू. पाऊस चालू आहे. आत्ताच करून घेऊ की थांबू?

रंधा_आणि_कानस:
पायांवरचे डाग सागाचेच आहेत. सागातला तपकिरी अर्क पाण्याने सुटतो आणि पाण्याच्या रंगातून वर येतो. आणखी 5 हात मारलेत तरी येईलच. मध्ये लाखेचा पडदा हवा. अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 60 ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ चकत्या) रात्रभर भिजवा, सकाळी सुती कापडातून गाळा. आत्ताचा रंग 220 ने हलका घासून घ्या, धूळ पुसा आणि या लाखेचे 2 पातळ हात द्या. दोन्हींमध्ये तासाभराचं अंतर पुरे, पावसात दुप्पट धरा. मग पांढरा.

चपडा डीवॅक्स्ड, म्हणजे मेण काढलेला, मागून घ्या. साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असतं, त्यावर पाण्यातला रंग किंवा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) नीट धरत नाही, पुढे नखाने निघतो.

चाळीतला_सुतार:
वरचे फिकट ठिपके म्हणजे तिथे जुनं पॉलिश किंवा फेव्हिकॉल रेषांत शिल्लक आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून ठिपक्यावर मिनिटभर ठेवा. चिकट झालं तर जुनं लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने सुटतं, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू किंवा फेव्हिकॉल, तिथे स्क्रेपरच लागेल.

ठिपके तेवढेच घासू नका, तिथे खड्डाही दिसेल आणि छटाही वेगळी येईल. पूर्ण फळी 120 आणि मग 180 ने, रेषेच्या दिशेनेच. त्यापुढे 320 वगैरे नको. लाकूड फार गुळगुळीत झालं की स्टेन आत जात नाही. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा, सागाचं वरचं तेल निघतं. स्टेन कापडाने लावा आणि 5 मिनिटांत जादा पुसून काढा. राहिलेला स्टेन वर सुकून चिकट थर होतो, त्यावरचं पॉलिश उचलतं.

आणि हो, कडेने आधी बघा. वरची रेषा कडेवरून खाली उतरत असेल तर भरीव साग. नसेल तर व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर 80 नंबर चालवलात तर खालचं लाकूडच दिसेल.

लोहारचाळ_फेरी:
मेलामाइन आत्ता नको. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर दुधाळ होतो. लाखेचंही तसंच होतं. थोडं पांढरं पडलं तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की बहुधा जातं. दोन डब्यांच्या पीयूचा हार्डनर (थर कडक करणारा दुसरा डबा) पाण्याशीच भिडतो, वायूचे बुडबुडे धरून टाचणीएवढी भोकं पडतात. पाय आत्ता उरकायला हरकत नाही, वरचं पॉलिश ऑक्टोबरवर टाका.

त्यातूनही करायचंच असेल तर टेबल रात्रभर एसीच्या ड्राय मोडमध्ये ठेवा, आणि दुपारी पाऊस उघडल्यावर, खिडक्या सताड उघडून, पातळ हात मारा. गॅस आणि देवासमोरची समई बंद. स्पिरिटची वाफ भडकते.

माहीमकर_७:
ड्रॉवरच्या आत जुना हिरवा रंग आहे, तोही कोरडा घासू का?

रंधा_आणि_कानस:
कोरडा अजिबात नको. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम ही नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं. रिमूव्हर लावून पत्तीने काढा, उरलेलं पाणी लावून वॉटर पेपरने. पोरं घरात असतील तर मधलं दार लावून उघड्या गॅलरीत करा आणि चिखल झाडू न मारता ओल्या फडक्याने उचला.

वरचं पॉलिश झाल्यावर 3 आठवडे मेणकापड अंथरू नका. खालचा थर पुरता कडक झालेला नसतो, प्लास्टिक चिकटून नक्षी उमटते.