अनुदानाच्या अर्जात न सापडलेले रुग्ण कसे दाखवायचे?

नमस्कार. आमची छोटी नोंदणीकृत संस्था घरोघरी रक्तदाब तपासते आणि 140/90 किंवा त्याहून जास्त आढळलेल्यांचा पाठपुरावा करते. लेखापरीक्षण झालेले हिशोब, प्रशिक्षित आरोग्यसेविका, सगळं आहे. तरी दोन अर्ज नाकारले गेले. एकाचं कारण कळलं: किती जणांना तपासलं ते लिहिलं होतं, त्यातून काय बदललं ते नाही. टीका रास्त आहे.

म्हणून आता सुरुवातीचा आणि सहा महिन्यांनंतरचा रक्तदाब शेजारी-शेजारी मांडलाय. एकदाच मोजलेला चढा आकडा पुढच्या वेळी आपोआपही थोडा उतरतो, त्यामुळे पहिली नोंद दोन वेगळ्या दिवशी मोजून घेतली आहे. पण जवळपास एक तृतीयांश लोक सहा महिन्यांनंतरच्या मोजणीला सापडलेच नाहीत. बरेचसे कामासाठी दुसरीकडे गेलेत. त्यांना वगळलं तर निकाल छान दिसतो, पण तसं करणं मला पटत नाही.

तुलनेसाठी दुसरी वस्ती घेणं किंवा बाहेरचा मूल्यमापक नेमणं सध्या शक्य नाही. मुदत तीन आठवड्यांवर आहे.

असे अर्ज लिहिलेल्या किंवा तपासलेल्यांना विचारते: न सापडलेल्यांना तक्त्यात कसं दाखवू, आणि मूल्यमापनाचा खर्च याच अनुदानात मागितला तर चालतो का?