सोन्याचे कण मिठातही लालच राहतात, मग पट्टीवर रेघ का येत नाही?

कृष्णाकाठची: नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष. डेंग्यूचं एनएस१ प्रथिन पकडणारी कागदी पट्टी करतेय, गरोदरपणाच्या चाचणीची असते तशी. सोन्याचे नॅनोकण घरचेच: सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट ओतलं की पाणी आधी करडं, मग जांभळट, शेवटी डाळिंबाच्या रसासारखं लाल. प्रकाश शोषण्याचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास. पोटॅशियम कार्बोनेटने पीएच ८.५ला आणून कणांवर उंदराची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची, एनएस१ला धरणारी) अँटिबॉडी बसवली. १० टक्के मिठाचं पाणी घालून पाहिलं (उघडे कण त्यात एकमेकांना चिकटून निळे पडतात), द्रावण निळं पडलं नाही. म्हणजे अँटिबॉडी बसली ना? तरी शुद्ध एनएस१ टाकूनही टेस्टची रेघ उमटत नाही. कंट्रोलची, म्हणजे पट्टी चालतेय हे दाखवणारी, येते, तीही उजेडात तिरकी धरली तर. तीन आठवडे याच्यातच गेले.

जीव तुटतो त्याचं कारण वेगळं. गेल्या ऑगस्टात धाकट्या भावाला ताप आला. नमुना गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. एलायझाची (लॅबमधल्या अँटिबॉडी वापरून करायच्या चाचणीची) प्लेट भरेपर्यंत नमुना तिथे थांबला. रिपोर्ट हातात पडला तेव्हा ताप उतरून त्याच्या प्लेटलेट घसरायला लागल्या होत्या.

लालद्रावण: ताई, कंट्रोलची रेघ फिकी आहे ना, तिथेच बघा. ती रेघ उंदराच्या अँटिबॉडीला धरते, एनएस१शी तिचा संबंधच नाही. ती फिकी म्हणजे कणांवर तुमची अँटिबॉडीच कमी आहे. मीठ एवढंच सांगतं, की सोन्यावर कुठलंतरी प्रथिन बसलंय. कुठलं, ते नाही सांगत. कुपीवरचं लेबल वाचलंत का?

कृष्णाकाठची: आत्ता फ्रीजमधून काढून वाचलं. अँटिबॉडी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. खाली बारीक अक्षरात १ टक्का बीएसए (अँटिबॉडी टिकावी म्हणून घातलेलं गाईच्या रक्तातलं प्रथिन), ०.०९ टक्के सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून). सर, १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम! मी इतके दिवस सोन्यावर बीएसएच चढवत होते. डायलिसिस करू का, बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून?

लालद्रावण: साध्या डायलिसिसने मीठ आणि अझाइड जाईल, बीएसए आतच राहील. प्रोटीन-जीच्या (अँटिबॉडीला धरणाऱ्या प्रथिनाच्या) कॉलमवर अँटिबॉडी अडकवा, बीएसए वाहून जाऊ द्या. आम्लाने सोडवलीत की लगेच उदासीन करा, मग अगदी पातळ बफरमध्ये (पीएच टिकवणाऱ्या द्रावणात) डायलिसिस. पीबीएसमध्ये (मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) नको, त्यातल्या मिठाने उघडे कण निळे पडतील. पुढच्या वेळी बीएसए नसलेलीच मागवा. आणि पीएच कागदाने बघा. मीटरचं इलेक्ट्रोड उघड्या सोन्यात बुडवलं की बुजतं.

नमुनेवाली: मी रोज डेंग्यूचे नमुने लावते. शुद्ध प्रथिनावर रेघ आली तरी तिथे थांबू नका, बाळा. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्याच्या रक्तात आधीच्या अँटिबॉडी एनएस१ला बिलगून बसलेल्या असतात, मग आजार असूनही रेघ येत नाही. प्रत्येक नळीवर तापाचा कितवा दिवस ते लिहून घ्या. पाचव्या दिवसानंतर आम्ही आयजीएमही (शरीर संसर्गात आधी बनवतं त्या अँटिबॉडीची चाचणी) लावतो.

कृष्णाकाठची: नऊ दिवसांनी परत आलेय. शेजारच्या लॅबने कॉलम दिला. आज कंट्रोलची रेघ बाकावर ठेवल्या जागी दिसली, गडद लाल. टेस्टची फिकी, पण बाराव्या मिनिटाला आली, आणि एनएस१ नसलेल्या पट्टीवर आली नाही. मावशी, उद्यापासून नळ्यांवर तापाचा दिवस लिहितेय.