परीक्षणातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा पहिला कथासंग्रह गेल्या वर्षी आला. दिवाळीनंतर एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्याचं परीक्षण छापून आलं. बहुतेक कौतुकच होतं. शेवटी एवढंच लिहिलं होतं, 'पात्रं कमी बोलतात, लेखिकाच जास्त बोलते.' कात्रण वहीत चिकटवलंय. कौतुक आठवतही नाही, हे वाक्य मात्र पाठ झालंय. संवाद लिहायला बसले की दोन ओळी होतात आणि मीच खोडते. नव्या कथेतली आई तीन महिने दारातच उभी आहे, तिच्या तोंडी एक वाक्य घालवत नाही.

टीका खोटी असती तर सोडून दिली असती. ती खरी वाटते, म्हणून लागलीय. कवी बा. सी. मर्ढेकरांवर 'काही कविता' या संग्रहामुळे अश्लीलतेचा खटला झाला, तरी १९५१ मध्ये 'आणखी काही कविता' आलाच. हे मी रोज स्वतःला सांगते, पण पेन हलत नाही.

लिहिणाऱ्यांनी, चित्रं काढणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी सांगा ना, अशा वेळी तुम्ही काय केलंत? आणि समीक्षकांना पत्र लिहून 'नेमक्या कुठल्या कथेत हे जाणवलं?' असं विचारलं तर चालेल का?