खांदेरीची लढाई एकट्याने कशी खेळू?

प्रश्न (अलिबाग): पावसात बोटी बंद म्हणून घरी बसून छोट्या गुराबा (जुन्या लढाऊ नौका) नि गलबतं अशी मॉडेलं रंगवली, आता खांदेरी १६७९ (खांदेरी बेटाजवळची मराठे-इंग्रज आरमारी लढाई) टेबलावर लावायचीय पण समोर कोणीच नाही, दोन्ही बाजू मीच खेळलो की मराठेच जिंकतात राव 😄

उत्तर: इंग्रजांचा निर्णय फाशावर सोड ना. १-२ माघार, ३-४ जागेवरून तोफा, ५-६ चाल.

उत्तर: वारा विसरू नका हां! वारा पडला की इंग्रजांची शिडाची मोठी जहाजं अडकतात आणि आपली गलबतं वल्ही मारत उथळ पाण्यातून सटकतात, खरी गंमत तिथेच, म्हणून वाऱ्याचा फासा दर पाळीला वेगळा टाका. आणि मराठ्यांनी इंग्रजांचं 'डव्ह' जहाज पकडलं तरी त्यांचं दुसरं जहाज 'रिव्हेंज' लढत राहिलं होतं, तेवढा जीव त्याला द्याच.

प्रश्नकर्ता: भारी! पण या दमट हवेत स्प्रे वॉर्निश पांढरं पडलंय, त्याचं काय करू?