न्यूरोसायन्स आणि मानसशास्त्र, दोन्ही एकत्र: बारावीनंतर कसं जुळवायचं?

प्रश्न (घाटंजीकर):
नमस्कार. पोरगी बारावी सायन्सला आहे. जीवशास्त्र आहे, गणित नाही. मेंदू कसा चालतो आणि माणूस असा का वागतो, हे दोन्ही शिकायचं म्हणते. नीटचा हट्ट नाही. यवतमाळ-अमरावतीकडं या नावाची पदवी काही दिसली नाही. बीएला मानसशास्त्र घेतलं तर सायन्स वाया जाईल काय? आणि पदवीनंतर समुपदेशन करता येईल काय?

उत्तर १ (प्राणिशास्त्र_विभाग):
काकाजी, या जोडनावाची पदवी आपल्याकडे क्वचितच मिळते, त्यामुळे ती विषयांतून बांधावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात तशी सोय आहे. बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा जीवरसायन मुख्य विषय ठेवायचा आणि मानसशास्त्र दुय्यम घ्यायचं. तीन वर्षांची पदवी साधारण 120 क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स 160 ची. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाचा 30.

घोळ होतो तो वेळापत्रकात. मानसशास्त्र कला शाखेत, त्याचे तास नेमके सायन्सच्या प्रॅक्टिकलच्या वेळी. मग दुय्यम विषय कागदावर राहतो आणि पोरं नोट्सवर परीक्षा देतात. प्रवेशाची पावती फाडण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे का, प्रयोगशाळा सुरू आहे का, आणि दोन्ही विषयांचं वेळापत्रक एकत्र दाखवता का. गावाहून एसटीनं जाणं-येणं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ त्याच वेळापत्रकावर ताडून पाहा.

बीए केल्यानं सायन्स वाया जात नाही. कॉग्निटिव्ह सायन्सच्या (मन आणि विचार कसे चालतात याच्या शास्त्राच्या) एमएस्सीला, उदाहरणार्थ आयआयटी गांधीनगरला, कोणत्याही शाखेचे पदवीधर अर्ज करतात. पण पुढे निव्वळ न्यूरोसायन्सची प्रयोगशाळा हवी असेल तर बीएस्सीच बरी. पेशी, प्रथिनं, विद्युतविभव (पेशीच्या आत-बाहेरचा विजेचा फरक) हे पाठीशी नसेल तर तिथं फार दमछाक होते.

तिसरी वाट आयसरची (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची), पाच वर्षांची बीएस-एमएस. तिच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात. बारावीला गणित नसलं तरी बसता येतं, पण तेवढा भाग घरी करावाच लागतो. आणि वर सांगितलेल्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' (संशोधनासह ऑनर्स) हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. पहिलं वर्ष हलकं घेतलं की हे दार तिथंच बंद होतं.

उत्तर २ (प्रयोगवही):
वरचं सगळं बरोबर. हे दोन विषय मुळात एकत्र का शिकायचे, ते घरीच पाहता येतं, आणि पोरीला खरी गोडी आहे का हेही त्यातून कळतं.

30 सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकानं वरून उभी धरायची, दुसऱ्यानं शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. सोडली की पकडायची. पट्टी जेवढी घसरली त्यावरून वेळ निघतो: अंतराची दुप्पट भागिले 9.8, त्याचं वर्गमूळ. अंतर मीटरमध्ये घ्यायचं. 20 सेंटिमीटरला सुमारे 0.20 सेकंद, 15 ला 0.175. पहिल्या पाच खेपा सरावाच्या म्हणून सोडा, पुढच्या वीस लिहा. नंतर डोळे मिटून, सोडताना 'हं' म्हटल्यावर पकडायचं, अशा वीस. आवाजाला प्रतिसाद सहसा लवकर येतो.

चुका इथं होतात. सोडणारा ठरावीक तालात सोडतो, मग पकडणारा अंदाज बांधतो. म्हणून थांबण्याचा वेळ दर खेपेला बदलायचा. 5 सेंटिमीटरच्या आत पकडली तर वेळ 0.1 सेकंदाच्या आसपास किंवा कमी येतो, तो अंदाजच, ती खेप बाद. आणि अंतरांची सरासरी काढून मग वर्गमूळ घेऊ नका. प्रत्येक खेपेचा वेळ काढा, मग सरासरी. एकाच माणसाच्या दोन स्थिती असल्यानं पुढे तुलना जोडीच्या टी-चाचणीनं (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची संख्याशास्त्राची रीत) होते, ते पदवीला शिकवतात.

आता विचार करा. जाड आवरणाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या घरातही जातो. म्हणजे हातापर्यंतच्या प्रवासाला फार तर 10-20 मिलिसेकंद. उरलेला वेळ डोळा, मेंदू आणि स्नायूंत गेला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला आणि डच शास्त्रज्ञ डोंडर्सनं 1868 मध्ये प्रतिसादाच्या वेळातून निर्णयाला लागणारा वेळ वेगळा काढला. एकाचं काम शरीरशास्त्राचं, दुसऱ्याचं मानसशास्त्राचं, आणि प्रश्न तोच. मला या जोडीचं मोल इथं वाटतं. म्हणून संख्याशास्त्राचा जो पेपर मिळेल तो घ्याच. मानसशास्त्राला आलेली बहुतेक पोरं आकडेमोडीलाच अडखळतात.

घाटंजीकर:
पट्टीचं आजच करून पाहतो. प्रत्यक्ष मेंदू पाहायला मिळेल काय कुठं?

उत्तर ३ (प्राणिशास्त्र_विभाग):
खाटकाकडं. बोकडाची मुंडी फोडताना भेजा चिरतो, म्हणून अख्खा काढून द्यायला आधी सांगून ठेवा. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर बिघडतो, तेव्हा थंड डब्यात न्या.

कापण्याजोगा घट्ट करायला फॉर्मलिन (नमुने टिकवायचं रसायन) लागतं, आणि ते घरी नको. वाफ डोळ्यांना आणि श्वासाला वाईट, शिवाय कर्करोगकारक. कॉलेजच्या हवेशीर प्रयोगशाळेत, हातमोजे घालून, शिक्षकांसमोर. बाजारातलं एक भाग फॉर्मलिन, नऊ भाग पाणी. द्रावण मेंदूच्या दहापट तरी असावं. तळाशी कापूस ठेवा, नाहीतर मेंदू चपटा होतो. एक-दोन आठवडे ठेवून वाहत्या पाण्यात भरपूर धुवा. आतपर्यंत द्रावण हळू शिरतं, घाई केली तर मधला भाग मऊच राहतो.

मधोमध कापला की दोन अर्धगोलांना जोडणारा पांढरा पट्टा आणि त्याखाली थॅलॅमस (इंद्रियांकडून आलेले संदेश पुढे पाठवणारा भाग) दिसतो. खालच्या अंगाला दृष्टिचेतांची (डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची) फुली. पुढचे गंधकंद (वासाचे भाग) मोठे असतात, पण काढताना बहुधा तुटतात. पियुषिका ग्रंथी (पिट्युटरी) कवटीतच राहते, शोधत बसू नका.

उत्तर ४ (समुपदेशन_माहिती):
समुपदेशनाचं राहिलं. नुसत्या पदवीवर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनाच्या आजारांवर उपचार करणारा) म्हणून काम करता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून जुन्या सल्ल्यावर न जाता परिषदेच्या संकेतस्थळावरची चालू यादी पाहा. आणखी एक: पुढच्या अभ्यासक्रमांना अनेक ठिकाणी मानसशास्त्र हा मुख्य विषय मागतात, दुय्यम धरतीलच असं नाही. पोरीचा ओढा रुग्णांकडे असेल तर मानसशास्त्र मुख्य घ्या आणि प्राणिशास्त्र दुय्यम.