कंपनी मेडिकल चेकअपचा रिपोर्टच देत नाही, काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. माझा धाकटा भाऊ नंदेसरीला (बडोद्याजवळचा इंडस्ट्रियल एरिया) एका डाय इंटरमीडिएट, म्हणजे रंग बनवायला लागणारी केमिकल्स, बनवणाऱ्या युनिटमधे आहे, चार वर्षं झाली. दर वर्षी कंपनीत डॉक्टर येतात, रक्त घेतात, छातीचा एक्सरे, फुंकायची टेस्ट सगळं होतं आणि फॉर्मवर सही घेतात, पण रिपोर्ट मागितला की एचआरवाले म्हणतात "सब नॉर्मल है", बस. आता दोन महिने झाले खोकला जातच नाहीये, आई तर रोज हळद-दूध देतेय, त्याने काय होणार म्हणा!

मी फॅक्टरीज ॲक्ट 1948 चं कलम 41-सी वाचलं, त्यात धोकादायक प्रोसेसमधल्या कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त 12 महिन्यांनी तपासणी करायची, रेकॉर्ड ठेवायचं आणि ते कामगाराला बघायला मिळायला हवं असं होतं (हा कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता). मग अर्ज फॅक्टरी मॅनेजरच्या नावे लेखी द्यायचा की डायरेक्ट फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे? आणि त्याच्या जागी आलेल्या नवीन लेबर कोडमुळे (कामगार कायद्यामुळे) यात काही बदललंय का? तो कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहे, त्यामुळे नोकरी जायची भीती पण आहेच. कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.