सक्तीची लष्करी सेवा? आधी उस्ताद मोजा

पिंपळपान: अठराव्या वर्षी प्रत्येक मुलाला वर्षभर फौजेत धाडा, शिस्त लागेल, असं दर चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं. देशात दरवर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा पूर्ण करतात. वीस रिक्रुटांमागे एक उस्ताद, म्हणजे फौजेतला प्रशिक्षक, धरला तरी पाच लाख उस्ताद लागतील. सबंध भूदल बारा लाखांच्या आसपास. सीमेवर मग कोण?

कदमताल: प्रत्येकाला न्या म्हणतंय कोण? स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली, माणसं कमी पडली तशी २०१७ मध्ये परत आणायचं ठरवलं. तिथे अठरा वर्षांचे सगळे, मुलीसुद्धा, प्रश्नावली भरतात. चाचणीला थोडे बोलावतात, घेतात त्याहून थोडे. आपल्याकडेही राज्यघटनेचं कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादू देतं.

पिंपळपान: तेच कलम धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. कोटीतून पन्नास हजार निवडताना सुटणार कोण? 'अनफिट'चा दाखला कोणाच्या घरी आधी पोचतो, ते सांगायला नको. शिवाय सक्ती हवीच कशाला? भरतीला रांगा आहेत. १.६ किमी साडेपाच मिनिटांत धावलं तर ६० गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत पोचलात तर ४८. इतकी चाळण लावूनही माणसं उरतात.

तिरकस: रांग हौसेची की पोटाची? अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीला (शेवटी एकरकमी मिळणारा निधी), हातात २१. चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाख, पेन्शन नाही, पुढे ठेवणार फार तर २५ टक्के. स्वेच्छा म्हणा हवं तर. बंगल्यातली मुलं मात्र त्या रांगेत दिसत नाहीत. सक्तीत निदान त्यांचीही नावं यादीत येतील.

पिंपळपान: येतील आणि गळतील. मूळ प्रश्न कौशल्याचा आहे. १५५ मिमी तोफेवर एक जण गोळा ठासतो, एक फ्यूज लावतो, एक नेम बांधतो. एक कच्चा निघाला की सगळ्यांचा वेग पडतो. वर्षातले सहा महिने प्राथमिक प्रशिक्षणात, मग रजा. हात बसेपर्यंत गडी घरी. देवळालीच्या तोफखान्यातल्या कोणत्याही उस्तादाला विचारा.

कदमताल: फिनलंड साध्या शिपायाला १६५ दिवसांत तयार करतो, अवघड कामाला २५५ किंवा ३४७. नंतर तो राखीव दलात जातो, सरावाला बोलावला जातो. आपण राखीव दलाचा विचारच करत नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या ७५ टक्क्यांना दरवर्षी महिनाभर बोलावलं तर?

तिरकस: बोलवा की. पण त्या महिन्याची रजा कारखानदाराने नाही दिली, तर नोकरी कोणाची जाणार?